व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर बदलताना: कोणत्या जागी कोणता घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात भजनी मंडळाच्या कपाटात, माळ्यावर किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादा व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर किंवा रेडिओग्राम अजून सापडतो. अहुजाचा पीए सेट (कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरचा संच) असतो, फिलिप्स किंवा मर्फीचा जुना संच असतो. लावून बघितला तर हमिंग येतं, आवाज फाटतो किंवा फ्यूज उडतो. मग कोणीतरी सांगतं, भंगारात द्या. तसं करू नका. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह शाबूत असतात, ट्रान्सफॉर्मर शाबूत असतो, आणि दमलेले असतात फक्त कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग. बाजारात नव्या मालावर ‘कपॅसिटर’ छापलेलं असतं. आपल्याकडचे मेकॅनिक कंडेन्सरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

या कामात नवखा माणूस एकाच ठिकाणी अडखळतो. जुन्या कंडेन्सरवरचा आकडा कागदावर लिहून तो दुकानात जातो आणि ‘हाच द्या’ म्हणतो. आकड्याच्या आधी त्या कंडेन्सरचं काम बघायचं असतं. तो सर्किटमध्ये कुठे बसलाय, त्याच्यावर किती व्होल्ट येणार, आणि तो बिघडला तर कोणाला घेऊन बुडणार, हे कळलं की निवड सोपी होते. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी हे व्हॉल्व्ह बनवले. आज चांगला व्हॉल्व्ह महाग पडतो आणि मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) तर मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी ते जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

१. आधी संच कोणत्या जातीचा आहे ते बघा

मागचं कव्हर काढा आणि मेन ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेला जोडलेला मोठा ट्रान्सफॉर्मर) आहे का बघा. असेल तर पुढे वाचा. नसेल, आणि व्हॉल्व्हची नावं ‘यू’नं सुरू होत असतील (यूसीएल ८२, यूवाय ८५ वगैरे), तर तो एसी-डीसी संच आहे. त्यात मेनची एक तार थेट चॅसिसला (संचाच्या पत्र्याच्या सांगाड्याला) जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चॅसिस फेजवर येते. असा संच पहिला म्हणून हातात घेऊ नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संच मेनच्या तारांपासून वेगळा ठेवणारा) आणि शेजारी जाणता माणूस असल्याशिवाय तर मुळीच नको. आपण इथे ट्रान्सफॉर्मरवाल्या संचाबद्दलच बोलतो आहोत.

आत शिरण्यापूर्वी मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची पट्टी किंवा चकती आहे का तेही बघा. ती २२० वर असेल तर २४० वर घ्या. गावात दिवसा मळ्यातले पंप चालू असताना व्होल्टेज खाली बसतं, आणि रात्री पंप बंद झाले की चढतं. तुमच्या घरी रात्री दहानंतर मीटर लावून बघा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढे पाचव्या पायरीला तो लागणार आहे.

२. हाताशी काय काय हवं

- १००० व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा डिजिटल मल्टीमीटर, चांगल्या वायरींसकट. वायरीचं प्लॅस्टिक तडकलेलं असेल तर आधी वायरी बदला.
- मगरी चिमटे, इन्सुलेटेड.
- ४० ते ६० वॅटची सोल्डरिंग गन. चॅसिसवरचे जुने जोड २५ वॅटला दाद देत नाहीत.
- साठ-चाळीसचा सोल्डर, आणि जुना सोल्डर ओढून घ्यायचा पंप.
- १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, दोन्ही टोकांना चिमट्याच्या वायरी लावलेला.
- सिरीज बोर्ड (सेटची वीज बल्बमधून जाते असा), त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.
- टॅग स्ट्रिप (सोल्डर करायच्या टोकांची पट्टी), स्लीव्ह, थोडी जाड वायर.
- संचाचं सर्किट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर निदान आतल्या व्हॉल्व्हच्या डेटाशीट. त्या इंटरनेटवर फुकट मिळतात.
- वही, पेन्सिल, आणि मोबाईलवर काढलेले आतले भरपूर फोटो.

३. साठलेली वीज उतरवा

प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (एसीपासून केलेला डीसी सप्लाय सपाट करणाऱ्या कंडेन्सरमध्ये) ३००–४०० व्होल्ट बसून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय कोणी शिकवली असेल तर सोडून द्या. त्यानं कंडेन्सरच्या आतला जोड जातो आणि डोळ्यात सोल्डर उडू शकतो.

रेझिस्टरचा एक चिमटा चॅसिसला लावा, दुसरा फिल्टरच्या पॉझिटिव्हला. कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा असला तरी पाच-सहा सेकंदांत तो जवळपास रिकामा होतो. तुम्ही अर्धा मिनिट थांबा. मग मीटरनं मोजा. शून्याजवळ दिसलं तरच हात घाला. फिल्टर दोन-तीन असतील तर प्रत्येकावर वेगळं मोजा. काम चालू असताना तो रेझिस्टर तसाच लावून ठेवला तरी चालतो, पण सेट सुरू करण्यापूर्वी काढायची आठवण राहावी म्हणून त्याच्या वायरी लाल घ्या.

४. कामाप्रमाणे यादी करा

चॅसिस उलटी करून प्रत्येक कंडेन्सर कुठून कुठे जातो ते वहीत लिहा. नुसतं ‘०.०५, ४०० व्होल्ट’ असं लिहू नका. ‘ईसीसी ८३ च्या प्लेटपासून ईएल ८४ च्या ग्रिडला, ०.०५’ असं लिहा. (ईसीसी ८३, ईएल ८४ ही व्हॉल्व्हची नावं; प्लेट, ग्रिड, कॅथोड हे व्हॉल्व्हच्या आतले भाग.) हे करताना सगळे कंडेन्सर पाच गटांत पडतील: फिल्टर, कपलिंग, कॅथोडचे, मेनवरचे, आणि ज्यांना हात लावायचा नाही असे.

जुन्या मालावर कधी ‘एमएफडी’ तर कधी नुसतं ‘एमएफ’ छापलेलं असतं. दोन्हीचा अर्थ मायक्रोफॅरडच. जुने आकडे आता मिळत नाहीत, त्यांच्या जवळचे घ्यायचे: ०.०५ च्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२, ०.००५ च्या जागी ०.००४७, ८ च्या जागी १०, १६ च्या जागी २२, ३२ च्या जागी ३३, ५० च्या जागी ४७. नव्या फिल्म कंडेन्सरवर कोड असतो: १०३ म्हणजे ०.०१, २२३ म्हणजे ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

५. फिल्टर कंडेन्सर: आधी व्होल्ट, मग मायक्रोफॅरड

हे म्हणजे चॅसिसवर उभे असलेले अ‍ॅल्युमिनियमचे डबे. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर कमजोर होतो, आणि आतलं रसायन हळूहळू सुकत जातं. सुकलं की हमिंग, थर गेला की शॉर्ट. शॉर्ट झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) जातो आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातलेली असेल तर मेन ट्रान्सफॉर्मरही जातो.

व्होल्ट ठरवताना सेट चालू असताना मीटरवर दिसणारा आकडा धरू नका. सेट सुरू केल्यावर पहिले काही सेकंद आउटपुट व्हॉल्व्ह थंड असतात, करंट ओढत नाहीत, आणि सप्लाय वरच्या टोकाला जातो. हिशोब असा: ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूचे एसी व्होल्ट गुणिले १.४१४. समजा २७०-०-२७० चा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २७०. २७० × १.४१४ म्हणजे ३८२. हा झाला २३० च्या मेनचा हिशोब. रात्री तुमच्याकडे २५० येत असतील तर ३८२ × २५० ÷ २३०, म्हणजे ४१५ च्या आसपास. इथे ४५० व्होल्टचा कंडेन्सर चालेल, ४०० चा नाही. ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० चा असेल तर हाच आकडा ४६१ होतो आणि ४५० चाही अपुरा पडतो. मग ५०० व्होल्टचा शोधा. मिळाला नाही तर ३५० व्होल्टचे दोन सारखे कंडेन्सर एकापुढे एक सिरीजमध्ये जोडा आणि प्रत्येकावर २२० किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे व्होल्ट दोघांत सारखे वाटले जातात. सिरीजमध्ये मायक्रोफॅरड निम्मे होतात हे विसरू नका: ४७ चे दोन म्हणजे साडेतेवीस.

कोणी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून त्या जागी सिलिकॉन डायोड बसवले असतील तर सप्लाय क्षणात वर जातो. तिथे हा हिशोब डोळ्यांत तेल घालून करा.

आता मायक्रोफॅरड. ‘जास्त घातला की हमिंग कमी’ हे अर्धंच खरं आहे. रेक्टिफायरच्या लगेच पुढच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते, कारण तो भरताना रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून करंटचा जोरदार झटका जातो. डेटाशीटमध्ये कमाल आकडा दिलेला असतो: ईझेड ८० आणि ईझेड ८१ ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड ३४ ला ६०, ५वाय३ ला २०. दुकानदारानं ‘१०० चा लावा, दणदणीत चालेल’ म्हटलं तरी पहिल्या जागेवर तो लावू नका. रेक्टिफायरच्या आत ठिणग्या पडतील. चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) किंवा रेझिस्टरच्या पलीकडचा दुसरा आणि तिसरा कंडेन्सर मात्र मुळापेक्षा दुप्पट घेतला तरी हरकत नाही. हमिंग खरं तर तिथेच कमी होतं.

तापमान १०५ डिग्रीचंच घ्या, ८५ चं नको. चॅसिसखाली व्हॉल्व्हची धग कोंडते, आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ठोकताळा असा की दर १० डिग्री कमी तापमानाला त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. त्यावर छापलेले तास २००० असतील तर ५००० वाला बघा. किमतीत फार फरक नसतो.

*जुन्या डब्याचं काय करायचं.* डब्यात बहुधा दोन किंवा तीन कंडेन्सर एकत्र असतात, ३२ + ३२ किंवा ५० + ५०. तसा डबा आता शोधत बसू नका. डबा वर तसाच राहू द्या, सेटचं रूप टिकतं. खाली टॅग स्ट्रिप लावून त्यावर नवे वेगवेगळे कंडेन्सर बसवा. पण जुन्या डब्याच्या टोकांवरच्या सगळ्या वायरी काढून नव्या जागी न्यायच्या. जुना तसाच ठेवून नवा त्याला पॅरलल जोडला की हमिंग जातं, काम झालंसं वाटतं, आणि मग जुना एक दिवस शॉर्ट होऊन सगळं घेऊन जातो. बाहेर दुरुस्त करून आणलेल्या सेटमध्ये हा प्रकार आवर्जून तपासा.

डब्याच्या बुडाखाली पुठ्ठ्याची किंवा फायबरची चकती असेल तर थांबा. तिथे डब्याचं निगेटिव्ह मुद्दाम चॅसिसपासून वेगळं ठेवलेलं असतं, मध्ये एक रेझिस्टर असतो आणि त्याच्यावर आउटपुट व्हॉल्व्हचा बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरणारे ग्रिडचे व्होल्ट) तयार होतो. नव्या कंडेन्सरचं निगेटिव्ह तुम्ही सवयीनं चॅसिसला जोडलं तर तो बायसच नाहीसा होईल. जुना जिथे जोडला होता, नवाही तिथेच.

*पंपाच्या दुकानातला कंडेन्सर.* हे आपल्याच भागात सुचणारं आणि खरोखर उपयोगाचं आहे. सबमर्सिबल पंपाच्या पॅनेलमध्ये दोन जातीचे कंडेन्सर असतात. एक स्टार्टचा, बहुधा काळ्या गोल डब्यातला. तो काही सेकंदच चालायचा म्हणून बनवलेला असतो, तो इथे अजिबात नको. दुसरा रनचा, ३६ किंवा ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा. तो पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा असतो, सुकत नाही, त्याला प्लस-मायनस नसतं, आणि साडेचारशे व्होल्ट डीसी तो निवांत सोसतो. ईझेड ८१ च्या सेटमध्ये पहिल्या जागी ३६ चा रन कंडेन्सर मला कुठल्याही आयात मालापेक्षा भरवशाचा वाटतो. अडचण आकाराची: तो चॅसिसखाली मावत नाही. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर क्लॅम्पनं बसवा, टोकं पूर्ण झाका, आणि त्याच्यावर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. फिल्म कंडेन्सर वीज फार वेळ धरून ठेवतो.

६. कपलिंग कंडेन्सर: सगळ्यात लहान, सगळ्यात महत्त्वाचा

एका व्हॉल्व्हच्या प्लेटवरून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला आवाज नेणारा, पण प्लेटवरचे व्होल्ट अडवणारा हा कंडेन्सर. जुन्या सेटमध्ये तो कागदाचा, वर मेण किंवा डांबर लावलेला असतो. मेणाला तडे गेले की खानापूरकडच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि व्होल्ट झिरपू लागतात.

किती झिरपले तर वाईट? समजा प्लेटवर १५० व्होल्ट आहेत आणि पुढे ईएल ८४ च्या ग्रिडवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे. कंडेन्सरची गळती १०० मेगाओहमची असेल तर ग्रिडवर ०.७ व्होल्ट येतात. गळती १० मेगाओहमवर आली की ६.७ व्होल्ट. ईएल ८४ चा बायसच मुळात सात-सव्वासात व्होल्टचा. म्हणजे तो जवळजवळ पुसला गेला. व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते, आणि त्याच करंटनं आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार जळते. असा कंडेन्सर मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर बघितला तर बऱ्याचदा ठीक दिसतो, कारण मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि गळती दीडशे व्होल्टला होते.

खरी तपासणी अशी करा. सेट बंद, वीज उतरवलेली. कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सुटा करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक चिमटा त्या सुट्या पायाला, दुसरा चॅसिसला लावा. हात बाजूला घ्या, मग सेट सुरू करा. आकडा आधी वर उडी मारेल, मग उतरत जाईल. सेट पुरता तापल्यावर तो अर्ध्या व्होल्टच्या आत आला पाहिजे. दोन-चार व्होल्टवर अडकला तर कंडेन्सर बदलायचा. वरच्या उदाहरणातला १०० मेगाओहमवाला या पद्धतीनं १३ च्या वर आकडा दाखवतो. साधारण मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, त्यामुळे ही तपासणी अशी नेमकी होते. ग्रिडच्या पिनाही लक्षात ठेवा: ईएल ८४ ला २ नंबरची, ईएल ३४ आणि ६व्ही६ ला ५ नंबरची.

माझं मत विचाराल तर कागदी आणि डांबरी कपलिंग कंडेन्सर तपासत बसू नका, सरसकट बदला. जुन्यांतले मुलार्डचे पिवळे पॉलिस्टर कंडेन्सर मात्र बहुतेक चांगलेच निघतात. ते तपासून ठेवायला हरकत नाही.

नवा घ्यायचा तो ६३० व्होल्टचा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर फिल्मचा. ४०० चा कंडेन्सर सेट गरम असताना चालतो, पण सुरुवातीच्या क्षणी प्लेटवरही पूर्ण सप्लाय येतो हे आपण वर बघितलं. किंमत तोळ्याच्या भावात असलेले ‘ऑडिओ’ कंडेन्सर विकले जातात. ज्याला हौस आहे त्यानं घ्यावेत, पण भजनी मंडळाच्या सेटला त्यांची गरज नाही. साध्या पॉलिप्रॉपिलीननं डग्ग्याची घुमक आणि पेटीचा भरणा दोन्ही परत येतात.

मायक्रोफॅरड वाढवायचा मोहही टाळा. ०.०२२ आणि ४७० किलोओहम मिळून खाली सुमारे १५ हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. ०.१ घातला की साडेतीन हर्ट्झपर्यंत. कानाला ते ऐकू येत नाहीत, पण टर्नटेबलची घरघर आत शिरते, आणि फीडबॅकवाला सेट स्पीकरमधून बोटीच्या इंजिनासारखी पुटपुट काढू लागतो. (अशी पुटपुट कंडेन्सर बदलण्यापूर्वीच येत असेल, तर सप्लायमधला दुसरा-तिसरा फिल्टर सुकलेला असतो.)

७. कॅथोडचे

आउटपुट आणि ड्रायव्हर व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचे २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक. २२ किंवा ४७ घ्या, ६३ व्होल्ट, १०५ डिग्री. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरला चिकटवू नका, तो तापतो. हे सुकलेले असले की आवाज बारीक आणि खालचे सूर दुबळे येतात.

८. मेनवरचे आणि आउटपुट प्लेटवरचा

मेनच्या तारेपासून चॅसिसला गेलेला ०.०१ चा कागदी कंडेन्सर दिसला तर तो आधी काढा. तो शॉर्ट झाला की चॅसिसला फेज येते, आणि चॅसिसला माइकची वायर जोडलेली असते, माइक माणसाच्या हातात असतो. त्या जागी वाय-२ जातीचाच (वाय-२, एक्स-२ हे मेनवर लावायच्या कंडेन्सरचे सुरक्षेचे दर्जे) घ्यायचा, २२०० पिकोफॅरडचा, किंवा काहीच लावायचं नाही. मेनच्या दोन तारांमध्ये असेल तर एक्स-२ जातीचा, २७५ व्होल्ट एसीचा. डीसीचा ६३० वाला इथे चालत नाही, त्यावर कितीही मोठा आकडा छापलेला असो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर किंवा प्लेटपासून चॅसिसला दोन ते पाच हजार पिकोफॅरडचा एक कंडेन्सर असू शकतो. प्लेटवर आवाजाबरोबर सप्लायच्या दुपटीच्या आसपास व्होल्ट उसळतात, म्हणून तो १६०० व्होल्टचा लावा. जुन्या डबा टीव्हीत असेच पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर असायचे. टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात ते अजून नवे मिळतात.

९. यांना हात लावू नका

चपटे तपकिरी अभ्रकाचे कंडेन्सर, ट्यूनरमधले काचेसारखे पारदर्शक, आणि बारीक सिरॅमिक. ते क्वचितच बिघडतात, आणि रेडिओच्या भागात त्यांचा आकडा कॉइलशी जुळवलेला असतो. बदललात तर धारवाड आणि सांगली डायलवर आपल्या जागा सोडतील.

१०. खरेदी

बेळगावात किंवा तालुक्याच्या गावी टीव्ही आणि एलईडी दुरुस्त करणाऱ्यांकडे १०, २२, ४७, १०० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर असतात, पण बरेचसे ४०० व्होल्टचे. आकडा वाचल्याशिवाय खिशात टाकू नका. ६३० व्होल्टची फिल्म आणि ४५०–५०० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक हवे तसे नाही मिळाले तर बेंगळुरूचा एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर ही ठिकाणं आहेत. कुरिअरनं मागवायचे तर नावाजलेल्या वितरकाकडूनच आणि बिलासकट. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक, केमेट, विशे हे विश्वासाचे. आपल्याकडचेही कमी नाहीत: केल्ट्रॉनचे कंडेन्सर कन्नूरला बनतात, आणि नाशिकला अल्कॉनचा कारखाना आहे.

माल हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. पाय पूर्ण लांबीचे आणि सोल्डर न लागलेले आहेत का; कापलेले किंवा टिन केलेले असतील तर तो भंगारातून काढलेला माल. आकार पटतो का. ४५० व्होल्ट ४७ मायक्रोफॅरडचा अस्सल कंडेन्सर साधारण १६–१८ मिलिमीटर जाड असतो, पेन्सिलीएवढ्या बारीक नळीवर तोच आकडा छापलेला असेल तर तो खोटा. आणि तारीख, बऱ्याच कंपन्या वर्ष आणि आठवड्याचा चार आकडी कोड छापतात. ‘जुना स्टॉक, पॅकबंद’ इलेक्ट्रोलिटिक कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी घेऊ नका, तो कपाटातच सुकलेला असतो. फिल्मच्या बाबतीत जुना स्टॉक चालतो.

११. एकेक करून बदला

सगळे एकदम उपटू नका. एक काढा, एक लावा, फोटोशी ताडून बघा, यादीत खूण करा. नव्या इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी निगेटिव्हची बाजू दाखवते. दोन्ही टोकांना पाय असलेल्या नळीच्या जातीत जिकडे रबर आणि खाच असते ती बाजू पॉझिटिव्ह. उलटा बसला तर तो फुटतो, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घ्या.

पहिल्या फिल्टरचं निगेटिव्ह ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपशी (मधल्या तारेशी) आखूड वायरनं जोडा. ते चॅसिसवर लांब कुठेतरी जोडलं तर नवे कंडेन्सर असूनही हमिंग राहतं आणि तुम्ही विनाकारण कंडेन्सरला दोष देत बसता.

१२. पहिल्यांदा सुरू करताना

स्पीकर जोडा; स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीच चालवायचा नाही. आवाज पूर्ण खाली. प्लग सिरीज बोर्डात. सुरू केल्यावर बल्ब आधी जोरात पेटेल, मग व्हॉल्व्ह तापतील तसा मंद होईल. मंद झालाच नाही तर लगेच बंद करा. कुठेतरी शॉर्ट आहे. डिमरस्टॅट (मेनचे व्होल्ट कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल आणि त्यानं हळूहळू चढवायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या की रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर कमी व्होल्टला तो तापतच नाही, सप्लाय तयारच होत नाही. ती पद्धत डायोडवाल्या सेटलाच लागू पडते.

बल्ब मंद झाला तर थेट मेनवर लावा आणि मीटर आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवर ठेवा. त्या व्होल्टला कॅथोड रेझिस्टरनं भागलं की करंट मिळतो. एकट्या ईएल ८४ ला १३५ ओहमवर ७.३ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँपिअर, अगदी बरोबर. तिथे १०–११ व्होल्ट दिसले तर कपलिंग कंडेन्सर किंवा तो व्हॉल्व्ह, दोघांपैकी एक दोषी. दिवा मालवून प्लेट लाल होते का तेही बघा.

तासभर चालू द्या. बंद करून, वीज उतरवून, मग नव्या इलेक्ट्रोलिटिकना बोट लावा. कोमट चालतील, चटका बसता कामा नये. कॅथोडचे, प्लेटचे आणि दोन्ही फिल्टरचे व्होल्ट मेनच्या आकड्यासकट वहीत लिहा. महिन्याभरानं पुन्हा मोजा. फिल्टर तसेच आहेत आणि फक्त कॅथोडचे व्होल्ट हळूहळू उतरत असतील, तर आता कंडेन्सरकडे बघू नका, व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली आहे.